नानांची आच

नवीन घर घेतलेल्या माणसानं नानांना घर दाखवताना दिवाणखान्यापासून सुरुवात करण्यात अर्थ नसतो. तळघर, मागचं अंगण, मुलांच्या खोल्या, दोन गाड्यांचं गॅरेज यांवर नाना एकेक "वा" टाकतात आणि पुढे सरकतात. स्वयंपाकघराच्या दारात मात्र त्यांची चाल बदलते. हात मागे बांधले जातात, कपाळावरचा चष्मा नाकावर येतो आणि यजमानीणबाईंना ते विचारतात, "गॅस की कॉइल?"

मध्य न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून या प्रश्नाला यातलंच एक उत्तर मिळतं. "गॅस" म्हटलं की नाना बाईंकडे आदरानं बघतात आणि सगळे बर्नर एकेक करून पेटवून दाखवायला सांगतात. "कॉइल" म्हटलं तर "असू दे, असू दे" म्हणतात. मुलीला कडक मंगळ आहे असं कळल्यावर बघायला आलेली मंडळी ज्या सुरात म्हणत, त्या सुरात. मग ते ओव्हनचं दार उघडतात, आत डोकं घालतात आणि तिथूनच बोलायला लागतात. त्यामुळे नानांच्या व्याख्यानाचा पूर्वार्ध आजवर कुणाला नीट ऐकू आलेला नाही.

नाना आयुष्यभर सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. उसाची चिपाडं जाळायची, वाफ करायची, वाफेवर सगळा कारखाना चालवायचा. गळीत हंगामाच्या तोंडावर बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायचं. नारळ, हार, चेअरमनसाहेब सपत्नीक, भटजी, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. फोटोत चेअरमन मध्यभागी दिसायचे आणि कडेला मशाल धरलेला एक हात दिसायचा. तो हात नानांचा. ती सगळी कात्रणं नानांनी जपून इकडे आणली आहेत. ती दाखवताना ते फक्त एवढंच म्हणतात, "हा मी."

निवृत्तीनंतर मुलानं नानांना आणि त्यांच्या पत्नीला, माईंना, न्यू जर्सीला आणलं. इथे निवृत्त वडिलांना नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडणं आणि तिकडच्या बातम्या बघून इकडे चिडणं यापलीकडे काम नसतं. नानांना सुनेच्या स्वयंपाकघरात एक अख्खी भट्टी सापडली. वर चार बर्नर, खाली ओव्हन, त्याच्याही खाली एक खण. सगळं पाइपच्या गॅसवर. बॉयलरवरून ते ब्रॉयलरवर आले, पगार तेवढा बंद झाला.

नानांचं मूळ तत्त्व साधं आहे. जी आच दिसत नाही तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. ज्योत निळी असली की हवा बरोबर, पिवळी झाली की हवा कमी, काजळी धरणार. माणसानं डोळ्यांनी बघावं आणि चावी फिरवावी. विजेच्या कॉइलचं तसं नाही. ती आधी काळी असते, मग लाल होते, आणि बंद केल्यावर पुन्हा काळी होते पण हात लावला तर सोलून काढते. "असल्या दुटप्पी वस्तूवर दूध ठेवायचं?" नाना विचारतात. त्यात अमेरिकेतल्या भिंतीतली वीज १२० व्होल्टची. आपल्याकडची २३० ची. नाना तिला अर्धी वीज म्हणतात. विजेच्या ओव्हनला मात्र इथेही वेगळी जाड तार टाकून २४० व्होल्ट द्यावे लागतात हे त्यांना ठाऊक आहे. पण ते त्याला पुरावा मानतात. "बघा, त्यांचाही तिच्यावर भरवसा नाही. ओव्हन म्हटल्यावर दुप्पट द्यावी लागली."

या तत्त्वात एक बारीकशी अडचण होती. गॅसच्या ओव्हनमधली ज्योतही दिसत नाही. बर्नर ओव्हनच्या तळपत्र्याच्या खाली असतो, ज्योत पत्र्याला तापवते आणि गरम हवा कडेच्या फटींतून वर येते. नानांनी ही अडचण स्वतःपुरती सोडवली होती. ओव्हन चालू असताना ते फरशीवर आडवे होत, टॉर्च न लावता खालच्या फटीतून बघत आणि "निळी आहे" असं जाहीर करून उठत. उठायला वेळ लागायचा, कारण गुडघे. सून तोपर्यंत त्यांना ओलांडून फ्रिजपाशी जाऊन आलेली असायची.

खालच्या खणाचा शोध मात्र माईंनी लावला, आणि वेगळ्या पद्धतीनं. जुन्या धाटणीच्या गॅस ओव्हनमध्ये ब्रॉयलर असतो तो या खणात. वरच्या ओव्हनला तळातून तापवणारा बर्नरच या खणाचं छत असतो, आणि पदार्थाला वरून थेट ज्योतीची धग बसते. हे इथे जन्मलेल्या पुष्कळ लोकांनाही ठाऊक नसतं. ते त्यात तवे आणि झाकणं ठेवतात. माईंना खण कोरडा आणि उबदार वाटला, म्हणून त्यांनी तिकडून आणलेले उडदाचे पापड त्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी सुनेनं केकसाठी ओव्हन लावला. पापड वरून उत्तम भाजले गेले, खालून त्यांना प्लास्टिकची पिशवी चिकटली आणि घरातला धूर सांगणारा भोंगा पहिल्यांदा वाजला. नाना भोंग्याखाली वर्तमानपत्र हलवत उभे होते आणि म्हणत होते, "पण आच बघा काय आहे!"

त्यानंतर त्या खणाचा रीतसर उपयोग सुरू झाला. पापड काही सेकंदांत होतो आणि पुढच्या काही सेकंदांत कोळसा होतो, हे सगळ्या घरानं शिकून घेतलं. वांगं भाजायच्या आधी त्याला सुरीनं टोचायचं असतं, नाहीतर ते आत फुटतं, हे नाना एकटे शिकले. त्या दिवशी खण पुसताना त्यांनी माईंना भरताच्या वांग्यांच्या जातींवर बरंच सांगितलं. माई म्हणाल्या, "वांगं शेगडीवर भाजा. धुराचा वास लागल्याशिवाय भरीत कसलं?" नाना गप्प झाले. हा मुद्दा गॅसच्या बाजूचा होता, पण त्यांचा नव्हता.

मग नानांनी थर्मामीटर आणला. ओव्हनच्या जाळीला अडकवायचा, घड्याळासारख्या तबकडीचा. ज्या घरात थर्मामीटर येतो त्या घरातली शांती जाते, असं माझं मत आहे. ताप मोजायचा असो की केक. त्याच्याबरोबर वहीही आली. बॉयलरला असते तशी. वेळ, लावलेलं तापमान, मिळालेलं तापमान, शेरा. मी ती वही पाहिली आहे. "केळ्याचा केक. लावले ३५० फॅ. मिळाले ३३०. ज्योत समाधानकारक. सूनबाईंशी बोलणे झाले." "दाणे भाजणे. लावले ३५०. मिळाले ३२५ ते ३४०. कूट उत्तम." आणि एके ठिकाणी नुसतंच, "दार कोणी उघडले?"

आता ओव्हनचं ३५० म्हणजे, सेल्सिअसमध्ये १७७, हे काही एका जागी बसून राहत नाही. थर्मोस्टॅट बर्नर पेटवतो, आच लावलेल्या आकड्याच्या वर जाते, मग बर्नर बंद, मग आच खाली येते, मग पुन्हा पेटवतो. गॅस असो की वीज, हा झोका चालूच असतो. गॅसचा सहसा जरा मोठा असतो इतकंच. बायका याला "आमचा ओव्हन असाच आहे" म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. नानांनी त्याचा आलेख काढला. तो फ्रिजवर नातीच्या चित्राशेजारी चुंबकानं लावला. नातीचं चित्र डोंगर आणि सूर्याचं होतं. आलेखही साधारण तसाच दिसत होता.

आलेखावरून त्यांच्या लक्षात आलं की ओव्हन सरासरीनं २० अंश कमी तापतो. यंत्राच्या पुस्तिकेत त्यावर उपाय होता: बटण दाबून धरायचं आणि ओव्हनला कायमचा फरक शिकवायचा. असा ३५ अंशांपर्यंतचा फरक बऱ्याच ओव्हनना शिकवता येतो. नानांनी सगळे झोपल्यावर २० अंश वाढवले आणि वहीत "दुरुस्ती पूर्ण" लिहून सही केली. सकाळी नातीच्या वाढदिवसाचा केक होता. सुनेला आपल्या ओव्हनचं हे वीस अंशांचं दुखणं लग्न होऊन या घरात आल्यापासून ठाऊक होतं. पुस्तकात ३५० लिहिलेलं असलं की ती ३७० लावायची, न बोलता, जशी आपण मागे पडणाऱ्या घड्याळाची वेळ मनातल्या मनात पुढे करून वाचतो. त्या दिवशीही तिनं ३७० लावलं. ओव्हननं नानांची शिकवण पाळून त्यात आपले वीस घातले. केक बाहेरून कारखान्याच्या धुराड्याच्या रंगाचा झाला आणि आतून पातळ राहिला.

नाना म्हणाले, "यंत्र आता अचूक आहे."

माई म्हणाल्या, "यंत्राला कुठं काय झालं होतं?"

सून चांगली आहे. तिनं वरचा थर कापून काढला, मधला भाग वाट्यांत घालून वर क्रीम ओतलं आणि पोरांना तो नवा प्रकार म्हणून दिला. नानांनीही दोन वाट्या खाल्ल्या आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

नानांशी खरी गाठ पडली ती चिवड्यावरून. दिवाळीत इथे बहुतेक घरांत पातळ पोहे ओव्हनमध्येच कुरकुरीत करतात. मोठ्या ताटल्यांत पसरायचे, मंद आचेवर ठेवायचे, मधूनमधून हलवायचे. माझ्याकडे विजेचा ओव्हन. नानांकडचे पोहे चावताना किंचित दाताला लागत, माझे कडकडीत होत. हे माई माझ्याकडे येऊन उघडपणे म्हणाल्या आणि नानांनी ते मागून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन आले. मला वाटलं भांडायला आले. ते तर स्वतःविरुद्ध पुरावा घेऊन आले होते.

"हे बघ पोरी," नाना म्हणाले. "पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात. आमचा ओव्हन तासभर न थांबता पेटला तर अर्धा ते पाऊण लिटर पाणी त्या पेटीत सोडतो. मधूनमधून विझतो म्हणून कमी, पण सोडतो. मागच्या वाटेनं बरंचसं निघूनही जातं. तरी उरतं. तुझ्या कॉइलमधून काय निघतं? काही नाही. कोरडी आच."

"म्हणजे माझा ओव्हन चांगला?"

"पोह्यांना," नाना म्हणाले. "नानकटाईला. खारीला. पण अख्खी कोंबडी भाजायची तर आमचा. दमट आचेत ती सुकत नाही."

नाना शाकाहारी आहेत. पण न्याय म्हणजे न्याय. मला नाना आवडतात ते यासाठी. हट्टी माणसाला गणित आलं की तो अधिकच हट्टी होतो हा सर्वसाधारण अनुभव. नानांचा हट्ट मात्र आकडा दिसला की जागच्या जागी उभा राहतो, कधी कधी तर सलाम ठोकतो. फक्त आकडा त्यांनी स्वतः काढलेला असावा लागतो.

त्यांच्या आयुष्यातला वैभवाचा दिवस आला तो २९ ऑक्टोबर २०१२ चा. सँडी वादळ त्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, ब्रिगंटाइनजवळ, चढलं. पौर्णिमेमुळे समुद्राला आधीच उधाण होतं. ती पौर्णिमा म्हणजे आपली कोजागिरी. राज्यात वीस लाखांहून जास्त घरांची आणि दुकानांची वीज गेली. आमच्या गल्लीत झाडं पडली, तारा पडल्या, अंधार झाला, आणि आम्हा कॉइलवाल्यांच्या घरांत एक कप चहा होण्याची सोय उरली नाही.

नानांच्या घरात मात्र मेणबत्तीच्या उजेडात चार निळ्या ज्योती फुलल्या. वरच्या बर्नरची ठिणगी विजेवर चालते, पण चावी फिरवून काडी लावली की तो पेटतो. नानांनी तिकडून आणलेली काड्यापेटी खिशातून काढली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दारात रांग लागली. कुणाचं बाळाचं दूध, कुणाची खिचडी, कुणाचं अंघोळीचं पाणी. पुढे काही दिवस पेट्रोललाही गाडीच्या नंबराप्रमाणे सम-विषम वार लागले, तेव्हा नानांनी त्यावरून स्फूर्ती घेऊन आपल्या बर्नरनाही वेळा ठरवून दिल्या. येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी ज्योत दाखवत, मग भांडं घेत. एकानं घर गार पडलंय, बर्नर लावून उबेला बसू का विचारलं, तेव्हा मात्र नाना कडाडले. "बंद घरात शेगडीवर घर तापवायचं नाही. झोपेतच जाल. बॉयलरवाला सांगतोय." त्यांनी खिडकी बोटभर उघडी ठेवली होती आणि तिच्यापाशी कुणाला तरी बसवलेलं असायचं. साखर कारखान्यातला जबाबदार माणूस मी त्या आठवड्यात पाहिला. वादळाच्या रात्री तर त्यांनी भर पावसात शेजारच्यांना बोलावून मसाला दूध पाजलं. चंद्र दिसण्याचा प्रश्नच नव्हता. "वर आहे," नाना म्हणाले. आणि दुधात केशर जरा जास्तच पडलं होतं, कारण अंधार.

वैभव टिकलं असतं, पण दिवाळी पंधरा दिवसांवर होती आणि सुनेनं फ्रिजमधलं लोणी वाया जाऊ नये म्हणून नानकटाईचं पीठ मळलं. "नाना, ओव्हन लावता का?" ती म्हणाली.

नानांनी काडी पेटवली, आडवे झाले, फटीतून आत धरली. काही नाही. चावी उघडी, पण गॅसच येईना. जुन्या ओव्हनमध्ये एक छोटी ज्योत कायम तेवत असे, ती मोठ्या बर्नरला पेटवी, विजेशी तिचा संबंध नसे. त्या उबेत रात्रभर दहीही लागायचं. नव्या ओव्हनमध्ये तिच्या जागी एक करडा गज असतो. त्यातून वीज जाते, तो पांढरट लाल होतो आणि गॅसला पेटवतो. पुरेसा प्रवाह त्या गजातून वाहिल्याशिवाय गॅसची झडप उघडतच नाही; न पेटलेला गॅस घरात साचू नये म्हणून केलेली सोय. वीज नाही तर गज थंड, गज थंड तर झडप बंद, झडप बंद तर काड्यांची पेटी संपवली तरी उपयोग नाही. ज्या निळ्या ज्योतीसाठी नाना इतकी वर्षं फरशीवर आडवे होत होते, ती एका कॉइलच्या परवानगीनं पेटत होती.

हे त्यांनी पुस्तिकेत मेणबत्तीच्या उजेडात वाचलं. नंतर बराच वेळ ते जमिनीवरच बसून होते. मी पाण्याची किटली घेऊन उभी होते. शेवटी ते म्हणाले, "ह्याचा बॉयलर इन्स्पेक्टर कोण?"

माईंनी तोपर्यंत जाड बुडाचं पातेलं बर्नरवर चढवलं होतं. तळाला मीठ पसरलं, वर जाळी, जाळीवर नानकटाईची थाळी, वर झाकण. आच अगदी मंद. अधूनमधून त्या झाकणाजवळ नाक नेत. सांगलीला असताना माई दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जात आणि तिथून डबे भरून नानकटाई आणत. ती भट्टी लाकडाची. आत लाकडं जाळायची, विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे, आणि मग उतरत्या आचेवर आधी पाव, नंतर बिस्किटं. "त्या भट्टीत माल घालताना विस्तव नसायचाच मुळी," माई म्हणाल्या. "आणि तुमची ती निळी ज्योतही नसायची." नानकटाई खालून जरा जास्त लाल झाली. तेवढ्यात संपली.

नानांचं धर्मांतर मात्र विजेनं केलं नाही, बेबिंकानं केलं. त्याच नाताळात आमच्या गल्लीतल्या मडगावच्या बाईंनी आम्हाला बोलावलं होतं. बेबिंका ही मोठी कष्टाची मिठाई. नारळाचं दूध, अंड्याचे बलक, साखर, थोडा मैदा, जायफळ. त्याचा पातळ थर ओतायचा, वरून भाजायचा, तूप सोडायचं, त्यावर दुसरा थर, पुन्हा वरून भाजायचा. असे सात थर, आणखी हौस असेल तर सोळासुद्धा. गोव्यात पूर्वी हे मातीच्या भांड्यात करत आणि झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. म्हणजे आच वरूनच हवी. अमेरिकेनं ओव्हनच्या छताला ब्रॉयलर बसवला त्याच्या कितीतरी आधी गोव्याच्या बायकांनी तो झाकणावर बसवला होता. कोकणात आणि मुंबईच्या जुन्या घरांत भानोळ्यालाही असेच वर-खाली निखारे लागत.

मडगावच्या बाईंचा ओव्हन विजेचा. दार बोटभर उघडं ठेवून त्या वरची कॉइल लावत. दार पूर्ण लावलं तर आतली हवा तापून थर्मोस्टॅट कॉइलच बंद करून टाकतो, आणि वरची धग जाते. नाना त्या फटीतून बघत होते. या वेळी आडवं व्हावं लागलं नाही, नुसतं वाकून भागलं. कॉइल वरच्या छतभर वळणं घेत पसरलेली, एकसारखी नारिंगी. खालचा थर कडेपासून कडेपर्यंत एकाच रंगानं तांबूस होत होता. नानांच्या घरच्या ब्रॉयलरमध्ये बर्नरची नळी मधोमध एकच, त्यामुळे टोस्टच्या मध्यावर काळा पट्टा आणि दोन्ही कडा पांढऱ्या असा तो सदा निघे.

"दिसतेय," नाना म्हणाले.

"काय?" बाईंनी विचारलं.

"आच."

मग त्यांनी बाईंना सांगितलं की तापलेल्या वस्तूची धग तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, हा स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम, त्यामुळे कॉइल नारिंगी व्हायच्या आत थर ओतू नये. बाई म्हणाल्या, "ते मला ठाऊक आहे, म्हणून तर मी थांबलेय." आणि त्यांनी पळीनं पुढचा थर ओतला. नानांनी उरलेला वेळ तूप सोडण्याचं काम मागून घेतलं. बाईंनी दिलं. चौथ्या थराला त्यांनी जरा जास्त सोडलं, ते कापल्यावर ओळखू येत होतं.

त्यानंतरची काही वर्षं नाना दोन्ही पक्षांत होते, म्हणजे दोन्ही पक्षांना डोकेदुखी. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरानं नव्या इमारतींत गॅसची जोडणी बंद केली तेव्हा ते संतापले. पुढे न्यायालयानं तो नियम अडवला तेव्हाही संतापले, कारण मधल्या काळात त्यांनी गॅसच्या शेगडीतून निघणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडबद्दल वाचलं होतं आणि सुनेला पंखा लावल्याशिवाय फोडणी करू द्यायला ते तयार नव्हते. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते आता "गॅस की कॉइल" विचारून थांबत नसत. "काय करता त्यावर?" असा दुसरा प्रश्न आला होता. उत्तर पूर्ण ऐकून घेत. क्वचित मानही हलवत. लोकांना जुने नाना बरे वाटू लागले.

मग सुनेनं स्वयंपाकघर नवं केलं. मुलानं विचारलं, "नाना, गॅस घेऊ की इलेक्ट्रिक?" नानांनी वही काढली. दोन्ही बाजूंचे मुद्दे समोरासमोर लिहायला त्यांना बराच काळ लागला. ते लिहून होईपर्यंत सुनेनं मागवून टाकलं होतं: वर गॅसचे बर्नर, खाली विजेचा ओव्हन, दोन्ही एकाच यंत्रात. असं यंत्र बाजारात पूर्वीपासून मिळतं हे नानांना कुणी सांगितलं नव्हतं. इलेक्ट्रिशियन येऊन २४० व्होल्टची जाड तार टाकून गेला. पहिल्या दिवशी नानांनी नारळ फोडला, हार घातला, आणि सुनेच्या हातात काडीही नसताना "अग्निप्रदीपन" म्हणून तिच्याकडून बटण दाबून घेतलं. मुलानं फोटो काढला. फोटोत सून मध्यभागी आहे आणि कडेला नारळ धरलेला एक हात.

यंत्र उत्तम चाललं. भाकरी वर ज्योतीवर फुगते, नानकटाई खाली कोरड्या आचेत होते, तापमान लावलं तसं मिळतं. नानांनी महिनाभर वहीत नोंदी केल्या. सगळ्या नोंदी सारख्याच. शेऱ्याच्या रकान्यात "ठीक", "ठीक", "ठीक", आणि मग वही बंद. भांडायला गॅस नाही, हिणवायला कॉइल नाही. ते दिवस माईंनी फार कठीण काढले. नाना डाळीच्या शिट्ट्या मोजू लागले होते.

सुदैवानं आमच्याच गल्लीत एका तरुण जोडप्यानं इंडक्शनची शेगडी घेतली. ज्योत नाही, कॉइल दिसत नाही, काच गार आणि पातेलं मात्र उकळतंय. खाली चुंबकीय क्षेत्र, त्यानं पातेल्याचं बूडच तापतं. नाना तिथे संध्याकाळभर बसले. येताना त्यांचा चेहरा पुन्हा उजळला होता. आता त्यांच्या खिशात एक लोहचुंबक असतो. ज्याला तो चिकटेल तेच भांडं त्या शेगडीवर चालतं.

परवा मंडळाच्या गणपतीला मोदकांची तयारी चालू होती. नाना आत आले, हात मागे बांधले, आणि मग एकेका भांड्याला चुंबक लावत ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. ॲल्युमिनियमचं मोदकपात्र, नाही. पितळी परात, नाही. माईंच्या रुखवतातला तांब्याचा हंडा, नाही.

"अहो," माई म्हणाल्या, "तो नैवेद्याच्या पाण्याचा आहे. चुलीवर चढणारच नाही."

"तरी कळायला हवं," नाना म्हणाले आणि चुंबक लावायला लोखंडी झाऱ्याकडे वळले.